पैसे घ्यायला पिन लागत नाही, ताई

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्या. मिस्टरांची बदली पुण्याला झालीय, महिनाभरात घर रिकामं करायचंय, म्हणून त्यांनी फ्रिज, लोखंडी कूलर आणि सोफा असं सगळं मिळून बारा हजारांना ऑनलाइन विकायला टाकलं. अर्ध्या तासात फोन आला. कामठीला आर्मीत आहे म्हणाला, हिंदीत एकदम अदबीने बोलत होता, भाव केला नाही, "मॅडम, युनिटची गाडी येऊन सामान नेईल, पेमेंट मी आत्ताच करतो" असं म्हणाला आणि व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र, कँटीन कार्ड सगळ्याचे फोटो पाठवले. मग "आमचे पैसे आर्मीच्या अकाउंटमधून येतात, आधी टेस्ट करावी लागते" म्हणून पाच रुपयांचा क्यूआर पाठवला. ताईंनी स्कॅन करून पाच रुपये पाठवले, त्याने लगेच दहा परत टाकले. मग बारा हजारांचा क्यूआर आला, ताईंनी स्कॅन केला, पिन टाकला, आणि पैसे यायच्या ऐवजी गेले. "सर्व्हरमध्ये अडकले मॅडम, परत एकदा करा, दोन्ही एकदम रिव्हर्स होतील" असं म्हणून त्याने आणखी बारा हजार काढले. मग फोन बंद.

ताईंनी हे फक्त बहिणीला सांगितलंय, मिस्टरांना नाही, पोलिसांना नाही, बँकेलाही नाही. चार दिवस झाले. त्या विचारतात, मी बी.कॉम. झालेली, शाळेत शिकवलेली बाई, मी कशी काय फसले? आता तक्रार करून काही मिळेल का? मिस्टरांची अॅक्टिव्हा विकायची राहिलीय आणि मुलगा यंदा इंजिनिअरिंगला लागला, त्याला जुना फोन आणि लॅपटॉप घ्यायचाय, पण आता ऑनलाइन कशाला हात लावायचीच भीती वाटून राहिली.

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी १९३० ला फोन लावा. खरंच, हे वाचणं थांबवून लावा. सायबर फसवणुकीसाठी सगळ्या देशाचा तो एकच नंबर आहे. तिथे तुमचा बँक खात्याचा नंबर, किती रुपये कधी गेले आणि दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर विचारतील. यूटीआर म्हणजे तो बारा आकडी नंबर, तुमच्या अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. हे लिहून समोर ठेवा म्हणजे फोनवर शोधाशोध होणार नाही. तक्रार घेतली की ती सिस्टीममधून ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेकडे जाते आणि त्या खात्यात अजून काही शिल्लक असेल तर ते तिथेच अडवून ठेवतात. हे चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात आणि मग कुठल्यातरी एटीएममधून काढून घेतात, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत फोन गेला तर पैसे अडकायचा चान्स सगळ्यात जास्त. तुमचे चार दिवस गेलेत, खरं आहे, पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. पण तरी तक्रार करायचीच, कारण ज्या खात्यात तुमचे गेले त्याच खात्यात आणखी कोणाकोणाचे येत असतात, तुमच्या तक्रारीने ते खातं बंद पडलं तर पुढचं कोणीतरी वाचतं, आणि त्यात काही रक्कम अडकलेली निघाली तर त्यातला वाटा मागायला तुमचं नाव कागदावर असलं पाहिजे. तक्रारच नसेल तर कोणत्या तोंडाने मागणार?

फोनवर मिळालेला नंबर जपून ठेवा आणि मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर जाऊन पूर्ण तक्रार भरा. त्यात चॅटचे स्क्रीनशॉट, त्याचा मोबाइल नंबर, त्याने पाठवलेला क्यूआर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, ते ओळखपत्राचे फोटो आणि बँक स्टेटमेंट लावा. रागाच्या भरात चॅट डिलीट केली असेल तर बहिणीला तुम्ही काय काय फॉरवर्ड केलं होतं ते बघा, तिच्या फोनमध्ये असेल. नसेल केली तर आता करू नका. तुमच्या बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणजे त्या पोचपावतीला किंमत आहे. नागपूर शहर पोलिसांचं सायबर पोलीस स्टेशन आहे, शिवाय जवळच्या पोलीस स्टेशनलाही जाता येतं. असा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात, म्हणजे जे आधी चारशेवीस होतं त्यात बसतो, आणि आयटी कायद्याचं ६६ डी पण लागतं, दुसऱ्याचं सोंग घेऊन फोन-कॉम्प्युटरवरून फसवण्याचं. कोणी म्हणालं की "आपणच पिन टाकला मग केस कशी होईल", तर होते, हे तुम्हाला माहिती असू द्या.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण ती हमखास होते. काही दिवसांनी फोन येईल, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे चोवीस हजार रिकव्हर झालेत, प्रोसेसिंगचे दोन हजार भरा." तो त्याच टोळीतला असतो किंवा त्यांच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेला. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत, १९३० वाले घेत नाहीत, बँक घेत नाही. फसलेल्या माणसाला आशा लागलेली असते आणि नेमकी तीच धरून हे लोक दुसऱ्यांदा लुटतात. मला या धंद्यातला सगळ्यात निर्दय भाग हाच वाटतो.

आता मिस्टरांचं. ताई, आज रात्री सांगा. जेवणं झाल्यावर, मुलासमोर नको वाटत असेल तर गच्चीवर जाऊन, पण आजच. कारण तक्रारीनंतर पोलिसांचा, बँकेचा फोन घरी येणार, स्टेटमेंट लागणार, आणि तेव्हा त्यांना बाहेरून कळलं तर पैशापेक्षा लपवल्याचंच जास्त लागेल. ते चिडतील कदाचित. पहिलं वाक्य "इतकी शिकलेली असून?" असंच येईल. तेव्हा त्यांना शांतपणे सांगा की समोरच्याचा हाच धंदा आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत तो हेच फोन करतो, कोणत्या वेळी काय बोलायचं हे त्याचं पाठ आहे आणि तुमच्यासाठी तो आयुष्यातला पहिला असा फोन होता. शिक्षणाचा यात संबंध नाही. बँकेत काम केलेली माणसं फसलीत, इंजिनिअर फसलेत. शिकलेला माणूस उलट दुसऱ्यावर विश्वास ठेवून सभ्यपणे बोलतो, फोन मध्येच कापणं त्याला उद्धटपणा वाटतो, आणि या लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

तुम्ही का फसलात हे मला तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही लिहिलंय की त्याने कूलरबद्दल काहीच विचारलं नाही. आता नागपूरचा माणूस जुना कूलर घ्यायला आला तर काय करतो सांगा? टाकी कुठे गळते का, पंप ओरिजिनल आहे का बदललेला, ताट्या कधी टाकल्या, मोटर कोणाची, आवाज किती करते, पत्रा खालून गंजला का म्हणून वाकून हात लावून बघतो, आणि हे सगळं बघून झाल्यावरही हजार रुपये कमी करा म्हणतो. मार्चच्या तोंडावर कूलरला गिऱ्हाईक असतंच, त्यामुळे विकत घेणारा खरा असला तर त्याला कूलरची काळजी असते. याला नव्हती. त्याला फक्त पेमेंटची घाई होती. पैसे देणाऱ्याला पैसे द्यायची इतकी घाई झाली, वस्तू न बघता, भाव न करता, की तिथेच थांबायचं.

आर्मीचं नाव इथे इतकं चालतं त्याचंही कारण आहे. कामठीला लष्कराच्या गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाचं मेंटेनन्स कमांड, हिंगणा रोडला सीआरपीएफ, आपल्याकडे फौजी माणूस शेजारी राहतो, मुलांच्या शाळेत त्यांची मुलं असतात, आणि त्यांच्या बदल्याही होतात, सामान विकतात, घेतात. म्हणून "कामठीहून बोलतोय" म्हटलं की आपल्याला ते एकदम खरं वाटतं, पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटणार नाही इतकं खरं. चोराला हे माहीत आहे, तो जाहिरातीत शहर बघतो आणि छावणीचं नाव त्याप्रमाणे बदलतो. ते ओळखपत्र बहुतेक वेळा खऱ्या जवानाचंच असतं, त्याच्याकडून कधीतरी असाच गोड बोलून फोटो मागवलेला असतो, म्हणजे तोही बिचारा यात फसलेलाच. म्हणून त्या फोटोतल्या माणसाचं नाव घेऊन कुठे पोस्ट टाकू नका, फक्त तक्रारीत जोडा. आणि हे लक्षात असू द्या की जवान सामान घेतो तेव्हा आपल्यासारखाच घेतो, येतो, बघतो, पैसे देतो. आर्मीचं वेगळं अकाउंट, त्याची टेस्ट, गेट पास, हे त्याच्या खाजगी खरेदीत कुठेच नसतं.

मग ते पाच रुपये. हे सगळ्यात हुशारीचं काम. पाचाचे दहा आले की आपल्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसतात, एक म्हणजे माणूस खरा, आणि दुसरी म्हणजे स्कॅन केलं की पैसे येतात. दुसरी चुकीची आहे पण आपण ती डोळ्यांनी बघितलेली असते. खरं तर तुम्ही स्कॅन करून पाच दिले, आणि मग त्याने त्याच्या फोनमधून वेगळे दहा पाठवले, दोन वेगळे व्यवहार झाले, पण फोनवर तो सतत बोलत असतो म्हणून ते एकच वाटतं. ताई, कॉटन मार्केटमधला भाजीवाला सुट्टे परत करायला तुम्हाला तुमची पर्स उघडून त्यातून नोट काढायला लावतो का? क्यूआर स्कॅन करणं म्हणजे पर्स उघडणं आणि पिन टाकणं म्हणजे नोट देणं. यूपीआयमध्ये क्यूआर स्कॅन हा फक्त द्यायलाच असतो. पैसे येताना तुम्हाला काहीच करायचं नसतं, फोन बंद करून ओट्यावर ठेवला तरी ते येतात. पूर्वी पैसे मागायची "रिक्वेस्ट" पाठवूनही लुटायचे, ते दोन माणसांमधल्या व्यवहारात यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलं, म्हणून आता क्यूआरवरच जास्त जोर आहे. आणि एक बारीक गोष्ट, तुमच्या अॅपमध्ये यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिनही मागत नाही, तेव्हा "पिन कुठे टाकला" एवढ्यावरच विसंबू नका, रकमेच्या आधी काय लिहिलंय, देताय की घेताय, ते वाचा. पिन टाकायच्या स्क्रीनवर पैसे कोणाला जातायत त्याचं नावही येतं. तुमच्या स्टेटमेंटमध्ये आता जाऊन बघा, तो म्हणाला होता त्या नावाशी हे नाव जुळत नसणार, बहुतेक कुठल्यातरी लांबच्या गावातल्या कोणाचं तरी खातं भाड्याने घेतलेलं असेल.

अजून एक सोय करून ठेवा. यूपीआयला पगाराचं किंवा बचतीचं मोठं खातं जोडूच नका. वेगळं खातं काढा, त्यात महिन्याच्या किराण्यापुरते पैसे ठेवा, तेच जोडा. बँकेच्या अॅपमध्ये दिवसाची मर्यादाही कमी करता येते. कधी चूक झालीच तर तेवढ्यावर थांबते.

आता राहिलेल्या विक्रीचं बोलू, कारण घर रिकामं तर करायचंच आहे. फ्रिज आणि सोफा माझ्या मते आधी सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर टाका, ओळखीतून जातील. ऑनलाइन टाकले तरी साधा नियम असा ठेवा की येऊन बघेल तोच घेईल. फोनवर व्यवहार नाही, अॅडव्हान्स नाही, क्यूआर पाठवतो म्हणाला की फोन ठेवा. दिवसा बोलवा, घरात दुसरं कोणी असताना बोलवा. छोटी वस्तू असेल, मोबाइल, घड्याळ, मिक्सर, तर घरी बोलवायचीही गरज नाही, सीताबर्डी इंटरचेंज नाहीतर तुमच्या जवळच्या मेट्रो स्टेशनवर भेटा, तिथे सीसीटीव्ही असतात, माणसं असतात, आणि येणाऱ्यालाही सोयीचं पडतं.

पैसे मिळाले की नाही हे तुमच्याच फोनवर, तुमच्याच बँकेच्या अॅपमध्ये बॅलन्स बघून ठरवा. त्याच्या फोनवरची हिरवी खूण, टिंग आवाज, स्क्रीनशॉट, यातलं काही मानू नका, हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी खोटी अॅप्स आहेत. मेसेज आला तरी बघा कुठून आला, बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. याच मेसेजचा अजून एक खेळ आहे, फ्रिजचे पाच हजार ठरलेले असतात आणि मेसेज पन्नास हजारांचा येतो, लगेच फोन, "ताई, एक शून्य जास्त पडला, आई दवाखान्यात आहे, प्लीज वरचे परत करा." बॅलन्स बघितला तर एक रुपया आलेला नसतो. आणि समजा खरंच जास्त आले, तर तुम्ही होऊन परत पाठवू नका, बँकेत जाऊन सांगा की अशी रक्कम चुकून आली आहे. काहून सांगते, कारण ते पैसे कोणाचे तरी चोरलेले असू शकतात आणि त्याने तक्रार केली की तुमचंच खातं गोठवलं जातं, मग सोडवायला चकरा. त्यासाठीच, घ्यायला आलेला माणूस एक आणि पैसे टाकणारा भलताच कोणी, असं दिसलं तर नाही म्हणा.

कोणी अॅप टाकायला सांगितलं, म्हणजे एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं किंवा व्हॉट्सअॅपवर एपीके, म्हणजे अॅप टाकायची फाइल पाठवली, तर तिथेच ब्लॉक करा. आधारचा फोटो मागितला तर देऊ नका. अगदीच द्यायची वेळ आली, जसं गाडीच्या व्यवहारात येते, तर मास्क केलेलं आधार द्या ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा की हे कशासाठी दिलं आणि कधी. नाहीतर तुमच्याच आधारवर उद्या दुसऱ्या कोणालातरी "मी मानेवाड्याची टीचर" म्हणून फसवतील.

फोनसाठी मुलाला बजावून सांगा, कारण या वयात त्यांना "अर्ध्या किमतीत आयफोन" दिसला की राहवत नाही. भावात इतका फरक असेल तर तो फोन एक तर नाहीच, फोटो कुठून तरी उचललेला आहे, नाहीतर चोरीचा आहे. चोरीचा माल माहीत असून किंवा शंका यायला जागा असताना घेतला तर घेणाऱ्यावरही गुन्हा होतो, न्याय संहितेचं ३१७ कलम, तेव्हा "आम्ही तर पैसे देऊन घेतला" एवढं पुरत नाही. फोन हातात घेऊन डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायला सांगा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबरशी जुळवा. मग केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं तर फोन परत देऊन घरी या. सगळं बरोबर असलं तरी विकणाऱ्याने त्याचं जीमेल किंवा अॅपलचं खातं तुमच्या मुलासमोर लॉगआउट करून फोन रिसेट केला पाहिजे आणि मुलाने स्वतःचं खातं टाकून तो चालू केला पाहिजे, मगच पैसे. "पासवर्ड आठवत नाही, रात्री पाठवतो" म्हणणाऱ्याचा फोन घेतला तर ती वीट आणल्यात जमा. हप्त्यांवर घेतलेले फोनही विकतात लोक, हप्ता थकला की फायनान्सवाले तो लॉक करतात, म्हणून बिल कोणाच्या नावावर आणि हप्ते फिटले का, हे विचारायचंच.

लॅपटॉपसाठी मी ऑनलाइनपेक्षा वेगळा रस्ता सांगेन. मे-जूनमध्ये फायनल इयरची मुलं होस्टेल सोडतात, वर्धा रोड, हिंगणा, काटोल रोड, सगळीकडे कॉलेजं आहेत, ही मुलं लॅपटॉप, सायकली, गाद्या, टेबलफॅन सगळं काढून जातात. तुमच्या मुलाने सीनिअर्सच्या ग्रुपवर नुसतं विचारलं तरी मिळेल, आणि माणूस ओळखीचा, त्याचं कॉलेज माहीत, बिघडलं तर पकडता येतो. तोपर्यंत कॉलेजची लॅब आहे, घाई करू नका. घेताना लॅपटॉप चार्जर काढून अर्धा तास चालवून बघायचा, वायफाय, कॅमेरा, सगळे यूएसबी लावून बघायचे, झाकण हळू उघडून बिजागरी बघायची. खाली चिकटवलेला सिरीयल नंबर आणि सेटिंगमधला सिरीयल नंबर एकच पाहिजे. आणि सुरू करताना एखाद्या कंपनीचं लॉगिन मागत असेल तर तो कंपनीचा लॅपटॉप आहे, विकणाऱ्याचा नाही.

दुसऱ्या शहरातून मागवायचा मोह मात्र टाळा. तिथे गोष्ट ठरलेली असते, गाडी असो की लॅपटॉप, आधी दोन हजार बुकिंग, मग कुरिअरचे, मग जीएसटीचे, मग इन्शुरन्सचे "रिफंडेबल" आठ हजार, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आधीचे अडकलेत तर एवढे भरून टाकू म्हणजे वस्तू तरी येईल. वस्तू नसतेच. पहिल्या दोन हजारांवर सोडून द्यायची ताकद आणा, आणि त्याही दोन हजारांची १९३० ला तक्रार करा. पैसे गेले नाहीत, नुसताच असा संशयाचा फोन आला, तर संचार साथीवर चक्षू नावाची सोय आहे, तिथे तो नंबर कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, करत जा.

शेवटी अॅक्टिव्हा, आणि यात खरी जोखीम पैशापेक्षा कागदांची आहे. लोक काय करतात, फॉर्मवर सह्या करून चावी देऊन मोकळे होतात आणि समोरचा गाडी सहा महिने तशीच फिरवतो. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आहे. न कळवता अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईचा बोजा त्याच्यावर येऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. ई-चलानही तुमच्याच मोबाइलवर येत राहणार. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरून अर्ज तुम्हीच सोबत जाऊन दाखल करा, कोरे सही केलेले फॉर्म एजंटकडेही ठेवू नका. गाडीवर कर्ज होतं का बघा, फिटलं असेल तरी आरसीवर बँकेचं नाव राहून गेलेलं असतं, ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. एका साध्या कागदावर गाडी कोणाला, किती तारखेला, किती वाजता दिली हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. वेळ नक्की लिहा, संध्याकाळी काही झालं तर ती वेळच कामी येते. आणि टेस्ट राइड मागितली तर देताना त्याची स्वतःची गाडी, चावीसकट, तुमच्या दारात उभी असली पाहिजे, किंवा मिस्टर मागे बसून एक चक्कर मारून येतील. नुसता "हा घ्या माझा मोबाइल ठेवा" म्हणणाऱ्याचा मोबाइल डबडा निघतो आणि गाडी गेलेली असते.

गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, सह्या त्यांच्याच लागणार, आणि ते पुण्याला जॉइन झाले की तेवढ्यासाठी परत यावं लागेल. तेव्हा आज रात्री बोलताना चोवीस हजारांचं सांगून झालं की फॉर्म २९ आणि ३० चं पण सांगा, आणि उद्या दोघं मिळून आधी बँकेत जा, मग आरटीओत.